जमिनीला बसवलेलं बूच

तिला सगळे अर्जंटबाई म्हणत. पँट असो की पडदा, तिच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातूनच "जरा अर्जंट आहे हं" म्हणायचं, आणि ही बाई कुणालाच नाही म्हणायची नाही. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन सकाळपासून धडधडायचं. त्या धडधडीवर तिचं पोट होतं आणि सगळा ताठाही.

अडचण एवढीच, की बरोबर खालच्या खोलीत रात्रपाळीची नर्स राहायची. ती सकाळी दमून घरी येऊन आडवी झाली रे झाली, की वर मशीन सुरू! बिचारीने आधी हसून सांगितलं, मग रडकुंडीला येऊन सांगितलं, शेवटी घरमालकाला सांगितलं. घरमालक वर आला आणि दारातूनच म्हणाला, "एक तर आवाज बंद, नाही तर मशीन बंद. महिनाअखेरीला पुन्हा येतो."

अर्जंटबाई मटकन खाली बसली. नर्सचं काही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं! धड भांडायचीही सोय नाही.

तिचा धाकटा भाऊ घरोघरी फरश्या बसवायचा. त्याला कळलं तसा तो धावत आला आणि पिशवीतून एक तपकिरी तुकडा काढून म्हणाला, "ताई, बूच!"

"बाटलीचं?"

"तेच, पण जमिनीला. झाडाची साल आहे ही. झाड तोडायचं नाही, नुसती साल सोलायची. काही वर्षांनी पुन्हा येते. हात तर लाव."

तिने हात लावला. तुकडा उबदार होता. तिने तो जमिनीवर ठेवला, समोरचा कप उचलला आणि दिला सोडून! कप टुणकन उडाला आणि अख्खाच्या अख्खा कोपऱ्यात जाऊन बसला.

"माझा कप होता तो," तिचा नवरा म्हणाला. हे गृहस्थ बस चालवून चालवून निवृत्त झाले होते आणि आता घरात ब्रेक लावायचं काम करायचे.

"अहो, पण फुटला नाही!"

"दर वेळी वाचेलच असं नाही," भाऊ म्हणाला. "आणि ताई, खोडीही ऐकून घे. टोकदार वस्तू हिच्यात रुतते. मशीनच्या पायांनी खड्डे पडतील, खाली चकत्या द्याव्या लागतील. पाणी सांडलं तर लगेच पुसायचं, सांध्यात मुरलं की फुगते. खिडकीतल्या उन्हानं रंग उतरणार. आणि आवाज थांबेलच, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. कमी होईल, नक्की."

"दगडापेक्षा वीट मऊ," नवरा पुटपुटला.

"आणि विटेपेक्षा बूच मऊ! घाल रे तू," अर्जंटबाई म्हणाली.

"घालच," नवरा मेव्हण्याला म्हणाला, "आणि उरलंच थोडं, तर हिच्या तोंडालाही बसव."

सामान जिन्यात गेलं, पट्ट्या एकमेकींत अडकत गेल्या, मशीनखाली दुहेरी थर पडला. अर्जंटबाई अनवाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरून आली. गुडघे टेकून कापड बेतायला बसली, तर गुडघे चक्क गप्प! तेवढ्यात हातातून एक टाचणी निसटली आणि जमिनीत ताठ उभी राहिली. अर्जंटबाई बघतच राहिली. मग तिने कागदाचा नमुना कापडावर पसरला आणि भराभर टाचण्या मारून थेट जमिनीतच खोचला. कापड तसूभर हलेना!

"अहो, लवकर या! ही जमीन नाही, टाचण्यांची गादी आहे!"

नवरा लगबगीने आला आणि नेमका टाचणीवरच आला. त्या दिवसापासून तो घरातही चपला घालून वावरू लागला. इस्त्रीच्या कोपऱ्यात पाणी सांडून एका पट्टीची कड फुगलीसुद्धा. पण अर्जंटबाईला कशाचंच काही नव्हतं. धाकधूक एकच होती, खाली ऐकू जातंय की नाही? विचारायचा धीर होईना. ती जीव मुठीत धरून मशीन चालवत राहिली.

महिना संपत आला आणि एका दुपारी दार वाजलं. दारात नर्स, डोळे तारवटलेले. अर्जंटबाईला वाटलं, संपलं सगळं!

"काकू," नर्स म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं काम बंद पडलं ना? इतके दिवस मशीनचा आवाजच नाही. तुम्ही हातावर हात ठेवून बसला असाल, या विचारानं मला झोपच येत नाही. मी सांगते घरमालकांना. तुम्ही चालवा मशीन. मी घालीन कानात बोळे."

अर्जंटबाईच्या तोंडाला खरोखरच बूच बसलं. तिने नर्सला हाताला धरून आत आणलं आणि शिवून ठेवलेल्या कपड्यांचा ढीग दाखवला.

"अगं, एक दिवस थांबले नाही मी!"

नर्सला पटेना. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"अहो, तुम्ही हिच्याबरोबर खाली जा. मी चालवते," अर्जंटबाईने नवऱ्याला फर्मावलं.

दोघं खाली गेली. थोड्या वेळाने नवरा धापा टाकत जिना चढू लागला आणि खालूनच ओरडला, "अगं, सुरू कर की! ती बिचारी खुर्चीत बसून वाट बघतेय, आणि तू..."

वर पोचून त्याने दार ढकललं. मशीन भरधाव चाललं होतं. मशीनवरच्या बाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"कधीचं चालूच आहे हो!"

तो आल्या पावली खाली सांगायला गेला. परत आला तो चपला हातात घेऊन, चवड्यांवर.

"झोपली," तो कुजबुजला. "खुर्चीतच."

आणि पुढचं पाऊल नेमकं टाचणीवर पडलं. त्याचे डोळे पांढरे झाले, पण पठ्ठ्याने स्वतःच्या तोंडाला हाताचं बूच लावलं आणि हूं की चूं केलं नाही.