भिंती लंबूच्या, डाग खडूचे

खडूचं खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं आहे. लहानपणी तिने घरातली एकही भिंत कोरी सोडली नव्हती, तेव्हापासून ती खडू. मोठी झाल्यावर ती गेम आर्ट शिकायला लागली. संगणकावरच्या खेळांत जी मोडकी दारं, गंजलेली पिंपं, ओसाड इमारती दिसतात, ती सगळी कुणीतरी बसून बनवलेली असतात. ते कुणीतरी व्हायचं तिने ठरवलं होतं. शिक्षण संपत आलं तरी घरच्यांना हे शिक्षण आहे की खेळ, याचा पत्ता लागला नव्हता.

तिच्या मामाचं छपाईचं दुकान होतं. तिथे संगणकासमोरची एक खुर्ची त्याने भाचीसाठी कधीची राखून ठेवली होती. "नोकरी लागली तर छानच, नाहीतर आपलं दुकान आहेच की," असं तो येता-जाता म्हणायचा. मामा माणूस अतिशय चांगला होता आणि त्रास नेमका तोच होता. वाईट असता तर भांडता आलं असतं. कॉलेज संपेपर्यंत नोकरी लागली नाही, तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या पाट्या आणि लग्नपत्रिका जुळवत बसायचं, हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं.

आणि अशात एका नावाजलेल्या स्टुडिओत एक जागा निघाली. एकच. अर्ज साधा होता. आपल्या कामाचं पान इंटरनेटवर तयार करा, त्यावर एक छोटं शोरील टाका, म्हणजे आपल्या उत्तम कामाची फिल्म, आणि शुक्रवारपर्यंत पाठवा. एवढंच. ज्याने कुणी हे 'एवढंच' लिहिलं, तो भेटला असता तर खडूने त्याच्याकडूनच ते करून घेतलं असतं.

कारण पान काही केल्या होईना. तयार नमुना निवडला, तर तिने बनवलेल्या उभ्या दीपस्तंभाचं डोकंच कापलं जाई. दुसरा निवडला, तर मधोमध कुणा परक्या बाईचा कॉफी पितानाचा फोटो येई आणि काही केल्या जाईना. फिल्म चढवायला ठेवली की शेवटच्या घासाला अडके आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात तिची स्वतःची खोड. जुनं काम पानावर टाकायला म्हणून उघडायची, त्यात चूक दिसायची, मग ती दुरुस्त करत बसायची. सोमवारी एक पिंप टाकायला घेतलं ते बुधवारी नवीन पिंप होऊन बाहेर आलं, आणि पान होतं तसंच रिकामं.

घरच्यांनी तर डोकं पिकवलं. "ती खुर्ची अशी गरगर का फिरते गं?" बाबांनी खांद्यावरून संगणकाकडे वाकून विचारलं.

"चारी बाजूंनी दिसावी म्हणून, बाबा."

"मला मळमळायला लागलं. आणि तुझा फोटो कुठे आहे? माणूस कोण ते तर कळू दे त्यांना."

आईचं म्हणणं, मागे एखादं छानसं गाणं लाव. मामाने दुकानातून फोन करून सुचवलं की सुरुवातीला नाव सोनेरी अक्षरांत फिरत यायला हवं, हवं तर मी करून देतो. खडूने तिघांनाही "बघते" म्हणून सांगितलं आणि दाराला आतून कडी लावली.

कॉलेजातल्या सरांनी मात्र दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, चांगलं तेवढंच ठेवा, कारण लोक वाईट कामच लक्षात ठेवतात. दोन, प्रत्येक कामाखाली लिहा, यात माझं काय.

तिच्याकडचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे शेवटच्या वर्षीचा प्रकल्प, एका बंद पडलेल्या दवाखान्यातली रुग्णांनी बसायची खोली. तो तिने आणि लंबूने मिळून केला होता. लंबू तिच्या वर्गातला. उंचीमुळे दारातून वाकून येणारा आणि बोलताना कायम माफी मागितल्यासारखा बोलणारा. भिंती, खुर्च्या, खिडक्या असं सगळं बांधकाम त्याचं. त्यावर चढणारं टेक्स्चर तिचं, म्हणजे रंगाचे पोपडे, ओल, गंज, हातांचे डाग. सर ती खोली पुन्हा पुन्हा बघत राहिले होते.

खडूने आपल्या रीलची सुरुवात त्याच खोलीने केली. खाली लिहिलं, "माझं काम : टेक्स्चर." मग ते लांबून पाहिलं. एवढ्या मोठ्या खोलीखाली तो शब्द भिंत रंगवायला आलेल्या माणसासारखा दिसत होता. तिने "डाग आणि झीज" असं लिहून पाहिलं. ते तर आणखीच केविलवाणं. शेवटी तिने ओळच पुसून टाकली आणि फक्त प्रकल्पाचं नाव ठेवलं. नंतर लिहू, असं मनाशी म्हणाली. हे 'नंतर' कुठलं असतं ते तिलाही ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी लंबूने आपल्या रीलची फिल्म पाठवली, "कशी वाटते सांग गं." तिने उघडली आणि पहिल्याच चित्राला तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तीच खोली. तीच चौकट. तिने तडक फोन लावला.

"तो शॉट माझा आहे, लंबू!"

"अगं, आपला आहे ना?"

"अख्ख्या रीलमध्ये तुला दुसरी सुरुवात मिळाली नाही? त्याच स्टुडिओत पाठवणार आहेस ना?"

"हो, पण ऐक तरी, मी माझ्या पानावर खाली..."

"मला काही ऐकायचं नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला. शुक्रवारी पान कसंबसं उभं राहिलं. ती कॉफीवाली बाई शेवटच्या क्षणी गेली. रील पाठवताना खडूला आनंद वगैरे काही झाला नाही, फक्त लंबूचा राग तेवढा शिल्लक होता.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओतून बोलावणं आलं. भर दुपारी खिडक्यांचे सगळे पडदे ओढलेले, संगणकावरचे रंग नीट दिसावेत म्हणून. टेबलांच्या रांगेत जो तो आपापल्या जंगलात नाहीतर किल्ल्यात बुडालेला. एकजण राक्षसाच्या दाताला पिवळटपणा देता देता सफरचंद खात होता. खडूला तिथली एकेक खुर्ची बघून हेवा वाटला. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी तिचं पान उघडलं आणि कपाळाला आठी घातली.

"ही खोली मी आज दुसऱ्यांदा बघतेय."

खडूने संगणकावरच्या त्या खोलीकडे पाहिलं.

"सकाळी एक उंच मुलगा येऊन गेला. त्याच्या पानावर खोलीखाली लिहिलंय, बांधकाम माझं, टेक्स्चर सगळं माझ्या मैत्रिणीचं. पुढे तुझं पूर्ण नाव आहे. तुझ्या पानावर मात्र कुणाचंच काही नाही. म्हणजे ही सगळी तू केलीस, असं समजू का?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मामाची खुर्ची डोळ्यांपुढे आली, पाट्या आल्या, लग्नपत्रिका आल्या. पण त्याहून आधी कान गरम झाले. आठवडाभर ज्याला ती मनातल्या मनात चोर म्हणत होती, त्याने तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "भिंती त्याच्या. खुर्च्या, दारं, खिडक्या, सगळं त्याचं. डाग माझे."

"मग लिहिलं का नाहीस?"

"लिहिलं होतं. पुसलं. नुसते डाग म्हटले की काम एवढंसं वाटतं."

मॅडम हसल्या नाहीत. "फाइल आणलीयस? मग डाग काढून दाखव."

खडूने लॅपटॉप उघडून तिचे थर एकेक करून बंद केले. खोली राखाडी झाली, नवीकोरी, कुणीही कधीच न बसलेली. मग तिने एकेक थर परत चढवला.

"हा भिंतीवरचा काळपट पट्टा कसला?"

"लोक बसून बसून कंटाळतात, डोकं मागे टेकतात. केसांच्या तेलाचा डाग पडतो. प्रत्येक खुर्चीमागे."

"प्रत्येक नाही. या शेवटच्या खुर्चीमागे भिंत स्वच्छ आहे. राहिलं की काय?"

"राहिलं नाही. ती डॉक्टरांच्या दाराशेजारची खुर्ची आहे. तिथवर आलेला माणूस मागे टेकत नाही. पुढचा नंबर त्याचा असतो."

मॅडमनी सफरचंदवाल्याला हाक मारली आणि खडूला ते पुन्हा सांगायला लावलं. तो खाणं थांबवून ऐकत राहिला. त्यानंतर दोघांनी कोपऱ्यात जाऊन काहीतरी बोलून घेतलं आणि मॅडम परत आल्या.

"सोमवारपासून ये. आणि ते पान आधी नीट कर."

"आणि तो मुलगा?"

"चांगला आहे. पण खोल्या बांधणारे आमच्याकडे आहेत गं. जागा एकच आहे."

खडू जिन्यात येऊन बसली. नोकरी लागली होती आणि तिला स्वतःचाच मनस्वी संताप येत होता. आईला, बाबांना, मामाला सांगायचं सोडून तिने लंबूला फोन लावला.

"मला आत्ताच नकाराची मेल आली," तो म्हणाला. "तुझं काय झालं?"

"मला घेतलं."

"बरं झालं. निदान खोली तरी आत गेली."

"लंबू, मी माझ्या पानावर तुझं नाव..."

"ते जाऊ दे गं. एक विचारायचं होतं. मला अजून एक-दोन ठिकाणी पाठवायचंय. ती खोली सुरुवातीला तशीच ठेवली तर चालेल का तुला? तुझे डाग काढून पाहिले मी परवा, तू रागावलीस म्हणून. पण मग ती कुणी बघत नाही."

खडू मांडीवर लॅपटॉप उघडून आपल्या पानावरची, त्या खोलीखालची रिकामी जागा शोधू लागली.

"आहेस ना लाइनवर?" लंबूने विचारलं. "नको असेल तर काढतो मी. राग मानू नकोस."