आत्याबाईच्या जाकिटाची खांदशेकणी

माझी आत्या विमान चालवायची. वणीकडच्या आमच्या गावात एकही बाई सायकलवर बसत नव्हती, तेव्हा ती नागपुरात विमान उडवायला शिकली. (शेजारणी अजूनही विचारतात, "मंग तिकीट कोन फाडे?") त्या दिवसांची तिच्याकडे एकच वस्तू उरली होती, चामड्याचं जाकीट.

कापसाने मार खाल्लेलं ते लागोपाठचं तिसरं वर्ष. आमची बैलजोडी उन्हाळ्यातच विकली गेली होती. पोळ्याला तोरणाखाली आपले बैल नसणार, याची मला फार लाज वाटत होती. तेवढ्यात गावाने ठरवलं, यंदा पोळ्यात आत्याबाईचा सत्कार! आत्याने हरखून पेटी उघडली, पाहते तर काय! जाकीट पापडासारखं कडक झालं होतं.

"हे घालूनच जाईन, नाही तं जातच नाही," ती मला म्हणाली. "उद्यापर्यंत नरम करून दे बाप्पा!"

ती पोळ्याची आदली संध्याकाळ, म्हणजे खांदशेकणी. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आईने सवयीने वाटीभर तूप-हळद कालवून ठेवलेली, आणि गोठ्यात खांदेच नाहीत! मी विचार केला (माझ्या विचारांबद्दल घरात फारसं चांगलं मत नाही): वर्षभर जू वाहिलेला खांदा ज्याने नरम पडतो, त्याने जाकीट का नाही पडणार? पळसाच्या पानाने अख्खी वाटी जाकिटावर रगडली, खांद्यांवर जरा जास्तच.

सकाळी जाकीट खरोखरच मऊ झालं होतं. खांदे मात्र पिवळेधमक!

"काय करून ठेवलं रे हे?"

"खांदशेकणी केली, आत्याबाई."

"कोनाची?"

"जाकिटाची."

आत्याने बाह्या ओढून पाहिल्या. मग तेच घालून निघाली.

तोरणाखाली सरपंच हार घेऊन पुढे झाले. त्यांच्या आधी त्यांचा बैल पुढे झाला आणि आत्याचा डावा खांदा चाटू लागला. "हट्ट! हट्ट!" सरपंच ओरडले. तोवर त्याचा जोडीदार उजव्या खांद्याला लागला. मला धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

"राहू द्या भाऊ," आत्या शांतपणे म्हणाली. "आमच्या घरचे बैल नाहीत यंदा. माहा पोळा असाच होऊ द्या."

गावाने टाळ्या वाजवल्या. आईने डोळे पुसले. मीही पुसले.

तेव्हापासून दर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आत्या वाटी घेऊन माझ्याकडे येते, माझ्या खांद्याला तूप-हळद लावते आणि म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

घरात दुसरा बैल उरलेला नाही. मी जातो.