आमच्यात पाट लागत नाही

आमच्या बापाला लाज म्हणून नव्हती. उघड्या अंगाने तो पोंभुर्ण्याचा अख्खा बाजार हिंडायचा आणि भाव करता करता दुकानदाराचे मूठभर चणे खाऊन मोकळा व्हायचा. त्याला लाज शिकवली ती आलापल्लीच्या एका लाकूड ठेकेदाराच्या मुन्शीने, आणि तीही गावातल्या एका लग्नाच्या पंगतीत, भातावर वरण पडेपर्यंतच्या वेळात.

हा मुन्शी वैशाखातही कोट घालून आला होता. वैशाखात कोट घालणारा माणूस शहाणा कसा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आमच्या लोकांना कोट दिसला की आतला माणूस दिसत नसे. त्याने शेजारी बसलेल्या बापाला सहज विचारलं, "काय हो, तुमच्यात अजून पाट लावतात म्हणे?" आणि उत्तराची वाट न पाहता पापड मागितला.

"नाई नाई," बाप म्हणाला, "ते मागचं होतं."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. वाजंत्री नाही, मांडव नाही. नवं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि गावाला बकरं. माझी आजी, म्हणजे या बापाची आई, पाटानेच आमच्या घरात आली होती. पाट नसता तर पंगतीत बसून थाप मारायला बापच नसता. पण हे त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात मुन्शीचा कोट होता.

विचार पुस्तकांतून, शाळांतून पसरतात असं शिकलेले लोक सांगतात. आमच्याकडे पाटाची लाज बैलबंडीतून पसरली. बाजारात एकाने दुसऱ्याला दबक्या आवाजात विचारायचं, "तुमच्यात लावतेत का अजून?" दुसऱ्याने दचकून नाही म्हणायचं, आणि घरी गेल्यावर तेच खरं करायचं. कोणी बंदी घातली नाही, कोणी सभा घेतली नाही. नाल्यापलीकडच्या गोंडांच्या गावात विधवा पूर्वीसारख्याच नव्या घरी जात होत्या, तर आमचे लोक म्हणू लागले, ते जंगली. पाटाची बकरी हाडासकट चोखून खाल्लेली ही तोंडं. आणि खुद्द मुन्शीने आलापल्लीत एक बाई ठेवली होती, पाट न लावता, हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. त्याच्यात मात्र कोणाला जंगलीपणा दिसला नाही.

या सगळ्यात माझी थोरली बहीण अडकली. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा तापाने गेला होता. सासरच्यांनीच, भली माणसं ती, तिला परत आणून सोडताना सांगितलं होतं, पोरीचं वय आहे, पाट लावून द्या. गोंडपिपरीकडचा एक बिजवर तयार होता. बहिणीने त्याला बाजारात पाहिलं होतं. मला तिने हळूच विचारलं होतं, त्याच्या घराजवळ विहीर आहे का, की पाणी लांबून आणावं लागतं? नांदायचं मनात असल्याशिवाय बाई असं विचारत नाही.

धान घरात आल्यावर तो माणूस आला. बापाने त्याला ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, "आमच्यात पाट नाई लागत, भाऊ."

पाणी घेऊन आलेली आजी तिथेच थबकली. "मंग मले कसं आनलं होतं रे या घरी?"

"तू गप राय."

पाहुण्याने पाणी पिऊन लोटा खाली ठेवला आणि तो उठून गेला. होळीच्या आत त्याने दुसरी आणली. माजघरात बहीण धान कांडत होती. मुसळ थांबलं नाही. बापाचा मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. रागावून, हट्टाने कोणाचं आयुष्य मोडलं असतं तर निदान समजलं असतं. त्याने ते मोडलं एका पापड मागणाऱ्या माणसाला बरं दिसावं म्हणून, आणि तो माणूस तर पुन्हा आमच्या गावात फिरकलाही नाही.

चार-पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. अंगणात मला पाटावर बसवलं, हळद कालवली. आजोबा जिवंत होते, आजीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. सवाष्णींमध्ये सगळ्यांत वडील तीच, म्हणून पहिला हात तिने पुढे केला.

मागे, विधवांच्या जागी उभ्या असलेल्या बहिणीचा आवाज आला. "आजी, तू नको लावू. पाटाच्या बाईचा हात चालत नाई हळदीले."

मी वळून पाहिलं. बहिणीच्या चेहऱ्यावर सूड नव्हता, दुःखही नव्हतं. लहान पोराला चुलीपासून मागे ओढावं तसं ती अगदी काळजीने बोलली होती.

आजीने बोटांना लागलेली हळद पदराला पुसली.

"बराबर हाये माय," ती म्हणाली, आणि मागे जाऊन बहिणीच्या शेजारी उभी राहिली.