भिंतीकडेचा वाफा

गल्लीत तिला सगळे कात्रीकाकू म्हणायचे. शिवणकाम करायची म्हणून, आणि जीभही तशीच चालायची म्हणून. चुकलेल्याला सोडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच नाही.

पाण्याची तिथं कायमचीच बोंब. म्हणून अंगणातल्या लिंबाला, टोमॅटोला तिनं वाळल्या पाल्याचं जाड आच्छादन घातलेलं, खाली ओल टिकावी म्हणून. फक्त भिंतीकडेचा वाफा उघडा. तिथं काळपट जांभळ्या फुलांचा गुलखैरा यायचा. आईच्या दारातलं बी, तीस वर्षं आपलं आपण गळणारं, आपलं आपण उगवणारं. कधी चार बिया काढून ठेवाव्यात असं तिला वाटलंच नाही. आणि आईच्या घराच्या जागी आता गाड्या लागतात.

मुलीच्या बाळंतपणाला ती महिनाभर गेली होती. परवा फोनवर विचारलं, "गुलखैरा उगवला का हो?" एरवी बडबड करून कान किटवणारा नवरा एवढंच म्हणाला, "ये तू, मग बघू." ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच तिनं गाडी पकडली.

फाटकातूनच दिसलं. भिंतीकडेला वीतभर पाला, मधे हातभर जागा मोकळी केलेली, तिच्यावर छत्री उघडून रोवलेली, आणि छत्रीशेजारी गुडघे टेकून नवरा.

"तू कंबर धरून बादल्या वाहतेस," तो मान वर न करताच म्हणाला. "म्हटलं, इथंही पाला घातला तर तेवढंच पाणी कमी लागेल. तू फोनवर विचारलंस तेव्हा डोक्यात उजेड पडला, एवढ्या पाल्याखालून कोंब वर येणार कसे? चुकलं माझं. पण चार वाचलेत बघ. दोन दिवस इथून हललो नाही."

बॅग तिथंच टाकून ती खाली बसली. कडेचा पाला हलकेच उचलला. खाली दोऱ्यासारखे पांढरे कोंब, कुजून मातीला चिकटलेले. तिनं सगळा वाफा हातानं चाचपला. जिवंत एकही नव्हता. मग छत्रीखालच्या एका रोपाचं पान खुडलं, तर पांढरा चीक आला. गुलखैऱ्याला चीक नसतो. ते तण होतं. चारही.

डोळे फुटले होते का तुमचे, हे अगदी ओठांवर आलं. आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. त्याला रोप काय कळणार? आणि हा वाफा उघडा का ठेवायचा, हे तिनं तरी कधी सांगितलं होतं? हात लावू नका, एवढंच दरडावून गेली होती.

"जगतील ना गं?" त्यानं विचारलं. नखांत माती गेलेली, डोळे तांबारलेले.

तिनं खुडलेलं पान मुठीत मिटलं.

"जगतील," ती म्हणाली. "पाणी मात्र बेतानं घाला."