सेंटर पुसून बसवायचं

"मुकी हाय का वो तुमची पोरगी?"

पेडगावहून आमच्या वर्कशॉपवर मळणी यंत्राचा शाफ्ट घेऊन आलेल्या काकांनी पप्पांना हळूच विचारलं. लाइट गेलेली, मशीन बंद, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं.

"न्हाई. इंग्लिश शाळेतली हाय, शब्द जपून वापरती."

"मंग हितं काय करायलीय?"

"तुमचा शाफ्ट," पप्पा म्हणाले.

मी मान खाली घातली, पण पप्पांचं तेवढं उत्तर मला पुरलं.

शाफ्टची बेअरिंगची जागा झिजली होती. वेल्डिंगनं भरून आणलेली ती जागा लेथवर फिरवून, कापून मापात आणायची होती. अशा कामात आम्ही लोखंड पकडणारा चक काढून ठेवतो आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या खड्ड्यांत दोन टोकदार सेंटरं रोवतो. मग शाफ्ट उलटा करून लावला तरी त्याच रेषेत फिरतो. पप्पांचा नियम एकच: सेंटर बसवण्याआधी ते ज्यात बसतं त्या मशीनच्या भोकात कापड फिरवायचं, मग करंगळी फिरवायची. माझी करंगळी वर्षभर काळीच असायची.

लाइट आली. परत जाईल म्हणून पप्पांनी घाईनं सेंटर ठोकलं, शाफ्ट चढवला. शाफ्ट सरळ फिरतो का ते दाखवणारी डायल मी लावली. काटा डुलायला लागला.

"शाफ्ट वाकलाय," पप्पा म्हणाले. "नवाच करावा लागंल. दोन दिवस."

काका मटकन स्टुलावर बसले. "सोयाबीन कापून पडलंय, मिस्त्री. आभाळ बघायलाव ना तुमी?"

मी डायल सरकवली. वाकलेला शाफ्ट मधोमध जास्त डुलतो. हा मध्ये कमी डुलत होता, सगळ्यात जास्त डावीकडं, पप्पांनी आत्ताच बसवलेल्या सेंटरपाशी. आज कापडही फिरलं नव्हतं, करंगळीही नाही. मी पाहिलं होतं. पण गिऱ्हाइकासमोर पप्पांना कसं सांगायचं?

मी मशीन बंद केलं, शाफ्ट उतरवला, मागून सळई घालून सेंटर ठोकून काढलं. भोकात करंगळी घातली. टोचलं. लोखंडाचा कीस, नखाएवढाही नाही. तो पप्पांच्या तळहातावर ठेवला, भोक पुसलं, सेंटर पुसलं आणि सगळं परत चढवलं.

शाफ्ट फिरवला. आता काटा जागचा हलला नाही.

पप्पांनी कीस काकांना दाखवला आणि हँडलपासून दोन पावलं मागं सरकले. माझ्यासमोर ते मशीनपासून कधी मागं सरकत नाहीत.

काका उठून जवळ आले. "काय झालं, मिस्त्री?"

"मला नका विचारू," पप्पा म्हणाले. "जिनं चूक धरली, तिला विचारा."

दोघंही माझ्याकडं बघत होते. मी कापायचं टूल शाफ्टला टेकवलं, आणि मान वर केली.

"काका, शाफ्ट सरळ हाय. सेंटर आमीच नीट बसवलं नव्हतं. थांबा, आजच घेऊन जा."