दुसऱ्या सुकाणूवरचे हात

दुपारचं जेवण झालं की पडवीतल्या बाजेवर मला झोप येते, पण पुरती नाही. एक कान जागा राहतो. जन्मभर पतपेढीच्या खिडकीमागे बसले, माणसं जोखायची सवय कानालाही लागली आहे. आज त्या कानाला शेजारच्या अंगणातली ठोकाठोक ऐकू येते. हेमलता, माझी धाकटी जाऊ, होडीशी भांडते आहे.

होडी तिच्या नवऱ्याची, दिगंबर भावजींची. ते जाऊन वर्ष होत आलं. शेजारी शेजारी तरंगणारी दोन निमुळती अंगं, मध्ये ताणलेलं कापड, वर एक शीड. मागे दोन सुकाणू, आणि ती एकदम वळावीत म्हणून त्यांना जोडणारा आडवा दांडा. हातातली काठी फिरवली की दांडा सरकतो आणि सुकाणू वळतात. वळायला हवीत. हल्ली काठी वीतभर फिरते आणि सुकाणू ढिम्म. संध्याकाळच्या भरतीला हेमलता तीच होडी एकटीने खाडीच्या तोंडापर्यंत नेणार आहे, जिथे लाटा फुटतात. "त्यांची होडी माडाखाली सडू देणार नाही," म्हणाली. मी नको म्हटलं. तिने मान हलवली. तिची मान कुठे किती हलली की काय समजायचं, हे मला पाठ आहे. ती जाणार.

ठोकाठोक थांबते. बाज हलते.

"वहिनी, पाय वर घ्या. पाणी येतंय."

भावजी पायथ्याशी बसलेत. भिजलेली हाफ पँट, कानामागे पेन्सिल. बाजेच्या दोन्ही बाजूंना दोन निमुळती अंगं आहेत आणि फरशीवर खाडी चढते आहे. यात मला काही खटकत नाही. खटकतं ते एवढंच, की ते आजारपणात होते त्याहून चांगले भरलेत.

"तिकडे जेवण बरं आहे वाटतं."

"मीठ कमी. तुमच्या हातचंच वाटतं."

"हेमलताला अडवा, भावजी."

"मी असताना कधी अडली?"

"मग सुकाणू तरी नीट करा. दोनदा पिना बदलल्या तिने."

"पिनांनी काय घोडं मारलंय?"

पतपेढीच्या खिडकीच्या गजांतून होडीची काठी आत आली आहे. रांगेतला प्रत्येक जण तिला हात लावून पुढे सरकतो. सगळे ओळखीचे. हप्ता उद्या देतो म्हणणारे, सही विसरणारे, उगीच गोड हसणारे. भावजी गजांपलीकडून विचारतात, "ढिलाई कोणाची, सांगा बघू."

मी रांगेवरून नजर फिरवते. "एकाची नाही. प्रत्येकाची थोडी थोडी."

"बरोबर. पिनेत थोडी, पिन बसते त्या बुशात थोडी, दांड्याच्या टोकाला थोडी. ज्याला त्याला वाटतं, आपली एवढीशी, ती काय धरायची!"

"मग शोधायची कशी?"

"एकट्याने नाही सापडत. तिथेच चुकतंय तिचं. एकाने सुकाणू हलू न देता धरायचं. दुसऱ्याने काठी हलवायची आणि एकेका सांध्यावर बोट ठेवून बघायचं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. लागेल तिथे वायसर, पातळ चकती. तुमच्या पापडाच्या डब्याचं झाकण कापलंत तरी चालेल."

"माझं झाकण बरं आठवतं!"

गज नाहीत. चहूकडे धुरकट पाणी, आणि आवाज कसलाच नाही. माझ्या एका हातात काठी आहे, दुसऱ्या हाताचं बोट दांड्याच्या टोकावर. काठी हलवते. टक्. मुंगी दचकावी इतकंच. भावजी वायसर सरकवतात. पुढचा सांधा. टक्. त्याच्या पुढचा. मग काहीच लागत नाही.

आणि खाडी माझ्या तळव्यात येते.

काठीतून पाणी कळतं मला. कुठे खोल आहे, कुठे वाळू वर आली आहे, सुकाणूखालून एक मासा अंग वळवून गेला, तेही. आणि तोंडाबाहेर समुद्र आहे, सगळाच्या सगळा, श्वास घेणारा, आणि तो माझ्या या एवढ्याशा हाताला टेकला आहे. कोणाच्या खाती मांडू हे? मी मोजायचं सोडते. डोळे भरून येतात.

मग ध्यानात येतं. सुकाणू कोणीतरी धरलंय, म्हणून तर हे जमतंय. भावजी तर माझ्याजवळ. होडीच्या डाव्या अंगाच्या मागे, धुक्यात, दोन हात दिसतात. सुकाणूचं पातं घट्ट आवळून धरलेले. चेहरा नाही.

"तिकडे कोण आहे?"

"हळू," भावजी म्हणतात, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज कापतो. "झोपलीय ती. मला बघितलं तर हात सोडेल."

जाग येते. फरशी कोरडी. बोट उलटसुलट करून बघते, स्वच्छ आहे. असणारच. तरी मी पापडाच्या डब्याचं झाकण काढते, कात्री घेते आणि शेजारच्या अंगणात जाते.

होडी पार टोकाला, माडाखाली. हेमलता इकडे पायरीवर, बादलीपाशी बसून हात घासते आहे.

"जरा डोळा लागला होता, ताई. उठले तर हे. निघतच नाही."

दोन्ही तळव्यांवर आडवा निळा पट्टा. सुकाणूंच्या पात्यांना भावजींनी स्वतः लावलेला रंग, कधीचाच सुकलेला. तिच्या हातांवर तो ओला आहे.

मी कात्री कमरेला खोचते. "राहू देत तसेच. ऊठ, सुकाणू धर. हलू द्यायचं नाही. आणि संध्याकाळी मीपण येणार आहे."

"तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"म्हणून तर नीट करून घेतेय."

ती हसते. कुठलं सुकाणू, हे विचारत नाही. सरळ डाव्या पात्याकडे जाते आणि दोन्ही हातांनी ते आवळते.

मी सांध्यावर बोट ठेवते, काठी हलवते.

टक्.