नानांचा अर्ज

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. दोनदा वहीत लिहायला घेतली, दोन्ही वेळा पान फाडून चुलीत घातलं. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. आधी नानांबद्दल सांगते. सांगायचं आहे ते माझ्याबद्दल, हे मला ठाऊक आहे. पण तिथपर्यंत एकदम जाता येत नाही.

नाना माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घर नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या बाजूला, एकाच ओसरीला दोन चुली. नाना फौजेत होते. त्यांची पलटण श्रीलंकेला गेली, तिथून परत आली, आणि थोड्याच दिवसांत ते पेन्शन घेऊन घरी आले. हातपाय धड, डोळे धड. कान तर असे की गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी वाजली तरी कुणाची ते सांगायचे. फक्त न सांगता मोठा आवाज झाला की ते तिथे नसायचे — म्हणजे शरीर असायचं, भिंतीला पाठ लावून उकिडवं बसलेलं, नाना नसायचे. दाटीतही त्यांना उभं राहवत नसे. एस.टी.त चढले तर दारातच थांबायचे. जयंतीची मिरवणूक निघायची त्या दिवशी, बँड आणि फटाके सुरू व्हायच्या आत, ते भाकरी बांधून कालव्यावर जाऊन बसायचे.

साखर कारखान्याचा भोंगा मात्र त्यांना चालायचा. त्याची वेळ ठरलेली. मनगटावरच्या घड्याळात बघत म्हणायचे, "आता व्हईल बघ." भोंगा व्हायचा आणि ते हसायचे. आवाज आधी कळला की त्यांना काही होत नसे. एवढंच होतं. इतकं साधं होतं.

गावाला ते साधं वाटत नव्हतं. गाव म्हणायचं, फौजीच्या डोक्यात फरक पडलाय. मला बघायला आलेलं पहिलं स्थळ चहा पिता पिता विचारून गेलं — ते तुमचे चुलते असे कोपऱ्यात का बसलेत? आणि परत आलं नाही. घरात कुणी नानांना काही बोललं नाही. मी पण नाही. पण मी ते लक्षात ठेवलं.

मग दुसरं स्थळ आलं. आत्यानं आणलं. मी तेव्हा एफ.वाय.ची परीक्षा दिलेली, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आत्या म्हणाली, "सुजे, पोरगा नगरला मास्तर हाय. पुढं शिकवीन म्हनतो. आसं स्थळ दिवा लावून हुडकलं तरी न्हाई घावायचं." मी त्या मुलाला एका लग्नात पाहिलेलं होतं. पंगतीत वाढत होता, म्हाताऱ्यांच्या पुढे वाकून विचारत होता. मला तो हवा होता. कुणी जबरदस्ती केली, शिक्षणासाठी नाइलाज झाला — असं मी म्हणू शकले असते. तसं नव्हतं. मला तो हवा होता.

त्याच सुट्टीत शिर्डीच्या रस्त्याला नवीन पार्क झालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, आणि एक छोटी आगगाडी, ती एका बोगद्यातून जायची. नानांची प्रज्ञा शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आली. सात वर्षांची पोर. आठवडाभर तिला दुसरं बोलणं नव्हतं. बोगद्यात वाघ डरकाळी फोडतो, अंधारात शिकारी बंदूक मारतो, सगळी पोरं किंचाळतात. तिला पुन्हा जायचं होतं, आणि पप्पांबरोबर. "सगळ्यांचे पप्पा येतात," ती म्हणाली. नानांनी हो म्हटलं.

मग ते एकटेच एस.टी.नं जाऊन पार्क बघून आले. लोखंडी गजांमधून वळत जाणारी रांग, वर पत्रा, माणसाला माणूस चिकटलेला. ते फाटकावरूनच परत आले. पण तिथे पाटी होती — अपंगांसाठी वेगळे प्रवेशद्वार, अर्ज कार्यालयात द्यावा. घरी आल्यावर मला म्हणाले, "कॉलेजवाली, आपलं बी त्यात बसतं का बघ. चार वळी लिहून दे."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. नानांना इतकं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "लिही — मी माजी सैनिक हाय. मला दाटीत उभं ऱ्हावत न्हाई, तवा बाजूच्या दारानं सोडा. आन् मोठा आवाज व्हनार आसंल तर आदी हात करून सांगा. सांगितल्यावर मला काय व्हत न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "हे बी लिही, की मला येड लागल्यालं न्हाई." मग लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ते नको."

मी म्हटलं, फेअर करून देते. त्यांना रानात जायचं होतं. त्यांनी कोऱ्या फुलस्केपच्या खालच्या बाजूला आधीच सही करून ठेवली, फौजेतला नंबर घातला, आणि गेले.

त्याच दुपारी आत्या आली. अर्जाचं ऐकून तिला आनंदच झाला. म्हणाली, मुलाचा आतेभाऊ त्याच पार्कच्या ऑफिसात कारकून आहे, काम लगेच होईल.

आता सांगते.

नानांची सही असलेल्या कागदावर मी लिहिलं की युद्धात स्फोटाच्या आवाजाने माझे दोन्ही कान निकामी झाले असून मला अजिबात ऐकू येत नाही. दाटीचं लिहिलं नाही. आवाजाचं — हात करून सांगा, हे एवढं एक वाक्य — ते तर लिहिणं शक्यच नव्हतं. बहिऱ्या माणसाला आवाज होणार म्हणून कशाला सांगायचं? पाय लंगडा आहे असं का लिहिलं नाही? ते चालताना खोटं दिसलं असतं. बहिरेपण दिसत नाही. आणि लढाईत कान गेले, यात मान आहे. स्थळाकडचा माणूस तो कागद वाचणार होता. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी जरा जास्तच चांगलं आलं.

नानांनी तो कागद वाचायला मागितला नाही.

पार्कला आम्ही तिघं गेलो — नाना, प्रज्ञा आणि मी. मी मुद्दाम गेले. कुणी काही विचारलं तर उत्तर मलाच द्यायला हवं होतं. आतेभाऊ स्वतः बाजूच्या दाराशी आला. भला माणूस. नानांना हात जोडून जयभीम घातला, आणि नाना प्रज्ञाला पाणी पाजायला लांबच्या नळावर गेले तेव्हा मला म्हणाला, "काकांना पुढच्या डब्यात बसवू. तिथं वाघ-बंदुकीच्या आवाजाचा भोंगा डोक्यावरच आहे, कुणी बसायला मागत नाही. ह्यांना काय त्रास?" मी मान हलवली.

गाडीत चढताना नानांनी विचारलं, "आवाजाचं सांगितलंय ना त्यास्नी?"

मी म्हटलं, "हो नाना. डायव्हर हात करील."

हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. अर्ज लिहिला तेव्हा मी घरी होते, कागद आणि मी. इथे ते माझ्याकडे बघत होते. बोगद्यात बंदूक वाजते, हे मला माहीत होतं — प्रज्ञानं दहादा सांगितलेलं. तरी म्हटलं, करील. का? एवढं काही होणार नाही असं वाटलं का? खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. मी आतेभावाच्या तोंडाकडे बघत होते, त्याला संशय आला की काय ते.

गाडी सुटली. मी गजांना धरून उभी होते. प्रज्ञा मला हात हलवत होती. नाना हलवत नव्हते. ते डायव्हरच्या उजव्या हाताकडे बघत होते. एकटक. वळणावरून गाडी बोगद्यात शिरेपर्यंत ते त्या हाताकडेच बघत होते.

बाहेर आम्हाला बंदुकीचा आवाज बारीक ऐकू आला, पाठोपाठ पोरांच्या किंकाळ्या. गाडी उजेडात आली तेव्हा पुढच्या डब्यात कुणी दिसेना. नाना खाली, डब्याच्या तळाला पालथे. त्यांच्याखाली प्रज्ञा. तिला पूर्ण झाकून घेतलं होतं आणि तळहातानं तिचं तोंड दाबून धरलं होतं, ती ओरडू नये म्हणून. कशापासून लपवत होते ते — कोण विचारणार? तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

लोक जमले. आतेभाऊ पळत आला. काय झालं, काय झालं. आणि मी — कुणी मला आधी विचारलंही नव्हतं — म्हणाले, "ऐकू येत नाही ना त्यांना. अंधारात तोल गेला."

नानांनी मान वर केली. ते परत आले होते, त्यांच्या डोळ्यांत ते होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आतेभाऊ त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "काका, तुम्हाला लागलं का?"

नाना म्हणाले, "आँ?"

बस. तेवढंच. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. घरी आल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. मी वाट पाहिली. तेव्हाही, नंतरही. मारलं असतं तरी चाललं असतं, असं पुष्कळ जण लिहितात. मी लिहिणार नाही. त्यांनी मारलं नाही याचा मला तेव्हा फायदाच झाला.

स्थळ जमलं. देशासाठी कान गेलेले फौजी काका, याचा त्या घरानं अभिमानच बाळगला. प्रज्ञाचा हात सहा आठवडे गळ्यात होता. "पप्पांनी माझं तोंड दाबलं," ती सांगायची. आम्ही सगळे म्हणायचो, अगं, त्यांचा पाय घसरला. पुढे तिनं सांगायचं सोडलं. पप्पांबरोबर कुठे जायचं म्हणणंही सोडलं.

आणि नाना कालव्यावर जायचे बंद झाले. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र लग्नाच्या दिवसापर्यंत आलं नव्हतं. बहिरा माणूस बँडपासून कशाला पळेल? विहारासमोर वरात आली तेव्हा सासऱ्यांनी नानांना हाताला धरून सगळ्यांत पुढे आणलं, फेटा बांधला. फटाक्यांची लांब माळ लावली ती त्यांच्यापासून चार हातांवर. बायकापोरं बाजूला पळाली. नाना हलले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "बघा, बिचाऱ्याला कायच ऐकू येत न्हाई." मी हार घेऊन उभी होते, मला ते समोर दिसत होते. माळ संपली तेव्हा त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या स्वतःच्या पॅन्टवर ओतला. लोकांना वाटलं, सांडला. तांब्या ओतायच्या आधी पॅन्ट ओली झालेली मी पाहिली होती.

मी हार घातला.

माझ्या नवऱ्यानं शब्द पाळला, मला पुढे शिकवलं. बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं. लढाईतून आलेल्या माणसांना काय होतं, त्यावर त्या पुस्तकात दीड पान होतं — त्याला नाव आहे, ते वेड नाही, आणि अशा माणसाला आधी कल्पना द्यावी, असंही होतं. परीक्षेत त्यावर टीप आली. मी लिहिली. चांगली लिहिली.

आता मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत नवऱ्यानं नानांना नगरला कान तपासायच्या एका शिबिरात नेलं. तो त्यांना फार मानतो. तपासताना वाजवलेल्या प्रत्येक आवाजाला नानांनी नाही म्हणून मान हलवली असणार, कारण येताना त्यांच्या कानात मशीन होतं. खिशात डबी, वर वायर. सगळे आवाज मोठे करणारं मशीन. नवऱ्यानं ओसरीवर बसून त्याचं बटण फिरवलं आणि विचारलं, "नाना, आता येतं का ऐकू?" चुलतीच्या हातून आत परात पडली. नानांनी डोळे मिटले, उघडले. म्हणाले, "व्हय, जावईबापू. लई ब्येस हाय."

मी शेजारीच बसले होते. तेव्हा सांगता आलं असतं.

आम्ही तिकडे गेलो की ते मशीन लावतात. आम्ही असेपर्यंत काढत नाहीत. त्याला पेन्सिल सेल लागतात, बेलापूरला चांगले मिळत नाहीत, म्हणून ते नेण्याचं काम नवऱ्यानं माझ्याकडे दिलं आहे. रविवारी जायचं आहे. सेल आणून पिशवीत ठेवले आहेत.